अनियमित आकाराच्या गाठी: कोलिमेटर, गॅन्ट्री आणि काउचचे कोन कसे ठरवावेत?

समस्थानिक

किरणोपचाराच्या प्लॅनमध्ये ऑप्टिमायझर (डोसची वाटणी आपोआप शोधणारा संगणकीय भाग) सुरू करण्याआधी तीन कोन आपण स्वतः भरतो: गॅन्ट्रीचा (रुग्णाभोवती फिरणारा, किरण सोडणारा यंत्राचा हात), काउचचा (रुग्ण झोपतो ती फिरती फळी) आणि कोलिमेटरचा (किरणांना आकार देणारा फिरता भाग). पहिल्या दोघांवर थोडाफार विचार होतो. तिसऱ्याच्या रकान्यात बहुतेकदा टेम्प्लेटमधून आलेला आकडा तसाच राहतो. गोलसर गाठीला ते खपून जातं. लांबट, तिरप्या किंवा एका बाजूने खोबण असलेल्या गाठीला खपत नाही, कारण ऑप्टिमायझर मल्टिलीफ कोलिमेटरच्या, म्हणजे समोरासमोर सरकणाऱ्या धातूच्या जोड्यांनी किरणांना आकार देणाऱ्या भागाच्या, पात्यांची टोकं पुढेमागे करू शकतो, पात्यांची दिशा त्याच्या हातात नसते. दिशा चुकली की तो मॉनिटर युनिट (यंत्र किती किरण सोडतं याचं माप) वाढवतो, नाहीतर शेजारच्या निरोगी ऊतींवर डोस सांडू देतो.

आकड्यांत बघू. समजा बीम्स आय व्ह्यूमध्ये, म्हणजे किरणांच्या उगमापासून पाहताना, लक्ष्य ढोबळमानाने आयताकृती दिसतंय: ११ सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, आणि लांब अक्ष डोकं-पाय रेषेपासून ३५ अंश कललेला. आयसोसेंटरच्या (गॅन्ट्री, काउच आणि कोलिमेटर ज्या बिंदूभोवती फिरतात त्याच्या) पातळीवर पात्याची रुंदी ५ मिमी. कोलिमेटर ० वर पाती आडवी सरकतात, म्हणजे पात्यांची टोकं डोकं-पाय रेषेला समांतर. लक्ष्याची लांब कड या टोकांशी ३५ अंशांचा कोन करते आणि त्या कडेवर जिना तयार होतो. प्रत्येक पायरीची कडेला लंब अशी खोली = पात्याची रुंदी × कोनाचं साइन. इथे ५ × ०.५७, म्हणजे सुमारे २.९ मिमी. सगळी पाती कडेबाहेर ठेवली, तर दोन्ही लांब बाजू मिळून साधारण ३.२ चौ. सेंमी जादा क्षेत्र उघडं राहतं. ४४ चौ. सेंमीच्या लक्ष्यावर हे ७ टक्के झालं.

आता कोलिमेटर ३५ अंश योग्य दिशेने फिरवा. लांब कडा पात्यांच्या टोकांना समांतर होतात आणि त्या बाजूंचा जिना नाहीसा होतो. तेच ३५ अंश उलट दिशेने फिरवले, तर कड आणि टोकं यांच्यातला कोन ७० अंश होतो, पायरी ४.७ मिमी खोल होते आणि जादा क्षेत्र १२ टक्क्यांच्या घरात जातं. ही चिन्हाची चूक सहज होते. रुग्णाच्या बाजूने पाहिलेला कल आणि उगमाच्या बाजूने पाहिलेला कल एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात. त्यामुळे कोन मनात ठरवून टाइप करू नका, बीम्स आय व्ह्यू उघडून कोलिमेटर फिरताना पाहा.

मूळ तत्त्व भौतिकशास्त्रज्ञ अँडर्स ब्रामे यांनी १९८८ मध्येच मांडलं होतं: लक्ष्य ज्या दिशेला सर्वात अरुंद आहे, त्या दिशेने पाती सरकू द्यावीत. त्यात जिना कमी होतो हा एक फायदा. दुसरा असा की लांबीवर जास्त पाती येतात. आपल्या उदाहरणात पाती अरुंद दिशेने सरकली तर २२ जोड्या कामाला लागतात, लांबीच्या दिशेने सरकली तर फक्त ८. आकार घडवायला २२ हात मिळणं आणि ८ हात मिळणं यात फरक आहेच.

हे झालं एका स्थिर बीमचं. आर्क (गॅन्ट्री फिरत असताना दिलेला बीम), मज्जारज्जू, अनेक गाठी आल्या की तत्त्व वाकवावं लागतं. त्यावर लिहा.

अर्धछाया

चांगला विषय. एक भर घालतो. पायरीची खोली एवढीच पाहून चालत नाही, पायऱ्या किती दूर दूर आहेत तेही पाहावं लागतं. दोन पायऱ्यांमधलं कडेवरचं अंतर = पात्याची रुंदी ÷ कोनाचं कोसाइन. ३५ अंशांना ते ६ मिमी येतं. ६ मेगाव्होल्ट बीमची ८० ते २० टक्क्यांमधली अर्धछाया, म्हणजे बीमच्या कडेला डोस उतरत जातो तो पट्टा, साधारण ५ ते ८ मिमी असते. म्हणजे पायऱ्या अर्धछायेच्याच मापाच्या आहेत. विखुरलेले फोटॉन आणि इलेक्ट्रॉन त्यांना बऱ्यापैकी पुसून टाकतात आणि ५० टक्के समडोस रेषा (समान डोसचे बिंदू जोडणारी) किंचित लहरी दिसते एवढंच.

८० अंशांना मात्र तेच अंतर २९ मिमी होतं आणि खोली ४.९ मिमी. ही पायरी कुठलीही अर्धछाया पुसू शकत नाही, ती डोसमध्ये स्पष्ट उमटते. म्हणून सर्वात वाईट स्थिती ४५ अंशांची आहे ही समजूत अपुरी आहे. कड पात्याच्या बाजूला जवळजवळ समांतर, पण नेमकी समांतर नाही, म्हणजे ७० ते ८५ अंशांचा पट्टा, तो टाळायचा.

बरोबर ९० अंशांना पायरी उरत नाही, पण रुंदी पात्यांच्या पूर्णांकात मोजावी लागते. ४० मिमी रुंद लक्ष्य ८ पात्यांत नेमकं बसतं. तेच पात्यांच्या सीमेपासून २ मिमी सरकलेलं असेल तर ९ पाती उघडावी लागतात, म्हणजे पूर्ण लांबीभर ५ मिमीची जादा पट्टी. अशा वेळी कोन तसाच ठेवून आयसोसेंटर २ मिमी हलवा. हा उपाय फुकटचा आहे आणि फारसं कुणी वापरत नाही.

टोकं कुठे ठेवायची यावरही निकाल बदलतो. पाती कडेबाहेर ठेवली तर लक्ष्य पूर्ण झाकलं जातं, निरोगी भाग जास्त मिळतो. आत ठेवली तर उलट. मधोमध ठेवली की पायरी निम्मी आत, निम्मी बाहेर पडते आणि सरासरी कड आराखड्यावरच राहते. थ्रीडी कन्फॉर्मलमध्ये (बीमला फक्त लक्ष्याचा आकार देणारी पद्धत) पीटीव्हीभोवती (गाठ आणि मांडणीतल्या चुकांसाठीची जागा मिळून आखलेलं लक्ष्य) ५ ते ७ मिमी समास असेल तर मधोमध ठेवणं सुरक्षित आहे. स्टिरिओटॅक्टिकमध्ये (थोड्याच बैठकांत मोठा, नेमका डोस देण्याची पद्धत) समास ० ते २ मिमी असतो आणि डोस ६० ते ८० टक्के रेषेवर लिहिलेला असतो, तिथे आत शिरलेली प्रत्येक पायरी तपासावी लागते.

सदिश

कोन डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा मोजून काढणं अवघड नाही. प्लॅनिंग सॉफ्टवेअरला स्क्रिप्ट जोडता येत असेल तर दोन पद्धती आहेत.

पहिली, मुख्य अक्षाची. लक्ष्याच्या पृष्ठभागावरचे बिंदू गॅन्ट्री आणि काउच कोनानुसार फिरवा, मग उगमापासून आयसोसेंटरच्या प्रतलावर प्रक्षेपित करा. प्रक्षेपण समांतर घेऊ नका. अंतराच्या प्रमाणात ताणलं जाणारं घ्या, नाहीतर आयसोसेंटरपासून दूरचे बिंदू चुकतात. मिळालेल्या सावलीच्या बाह्यरेषेच्या आत समान अंतरावर बिंदू भरा आणि त्यांच्या एक्स, वाय निर्देशांकांचा सहप्रसरण मॅट्रिक्स काढा. लांब अक्षाचा कोन = अर्धा × आर्कटॅन२(२ × सहप्रसरण, एक्सचं प्रसरण − वायचं प्रसरण). त्याला काटकोनात जी दिशा, ती पात्यांची दिशा. आराखड्याचे कच्चे बिंदू थेट वापरले तर जिथे रेखाटन दाट आहे तिकडे अक्ष ओढला जातो, म्हणून आत समान बिंदू भरायचं पाऊल गाळू नका.

ही पद्धत लंबगोलासारख्या आकारांना उत्तम आहे. इंग्रजी सी किंवा एल अक्षरासारखी गाठ असली की ती फसते. सी आकाराचा मुख्य अक्ष त्याच्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेकडे झुकतो आणि मधल्या खोबणीचं त्याला काहीच कळत नाही. खोबणीतच बहुधा जपायचा अवयव बसलेला असतो.

म्हणून दुसरी पद्धत, सरळ क्षेत्रफळाची. ० ते १७५ अंशांपर्यंत ५-५ अंशांनी कोलिमेटर फिरवा. १८० नंतर पात्यांची दिशा पुन्हा तीच येते, त्यामुळे पुढे मोजायची गरज नाही. प्रत्येक कोनावर प्रत्येक पात्याच्या पट्टीत लक्ष्याचं सर्वात डावं आणि सर्वात उजवं टोक शोधा. त्या दोहोंमधलं, पण लक्ष्याबाहेरचं क्षेत्र म्हणजे झाकता न येणारं क्षेत्र. ते एकूण किती आणि त्यातलं जपायच्या अवयवावर किती पडतं, हे वेगवेगळं मोजा. अवयवावरच्या क्षेत्राला मोठा भार द्या. मी ५ पासून सुरुवात सुचवेन, मज्जारज्जू किंवा दृष्टिचेता असेल तर १०. हे भार म्हणजे नियम नाहीत, आलेख काढून पाहा आणि बदला. सर्वात कमी किमतीच्या कोनाच्या आसपास २-२ अंशांनी पुन्हा शोधा. त्याहून बारीक जाऊ नका.

आलेखाचा तळ सपाट असेल तर त्याचा अर्थ कोनाचा फारसा फरक पडत नाही. मग तो कोन दुसऱ्या कारणांसाठी मोकळा आहे. तळ टोकदार असेल तर तिथूनच हलू नका.

ओळखरेषा

दोन शंका. एक, पाती लक्ष्याला चिकटून बसली की जॉची (पात्यांसोबतच्या, आयताकृती चौकट करणाऱ्या धातूच्या जाड ठोकळ्यांची) जागा दुय्यम ठरते का? दोन, व्हीमॅटमध्ये, म्हणजे गॅन्ट्री फिरत असतानाच पाती सरकवून डोस देण्याच्या पद्धतीत, गॅन्ट्री फिरताना सावलीचा आकार सतत बदलतो, मग एका आर्कला एकच कोलिमेटर कोन कसा निवडायचा? ३० आणि ३३० ही जोडी सगळीकडे दिसते, तिच्यामागे हेच गणित आहे का?

समस्थानिक

@ओळखरेषा, जॉ दुय्यम नाहीत. वरच्याच उदाहरणात कोलिमेटर ३५ वर जॉची चौकट ४ × ११, म्हणजे ४४ चौ. सेंमी. कोलिमेटर ० वर तोच तिरपा आयत झाकायला चौकट ९.६ × ११.३ सेंमी लागते, म्हणजे १०८ चौ. सेंमी. मधलं ६४ चौ. सेंमी क्षेत्र फक्त पात्यांच्या आड राहतं. पात्यांमधून आणि त्यांच्या फटींतून मिळून, यंत्राच्या मॉडेलप्रमाणे, अर्ध्या टक्क्याहून कमी ते सुमारे २ टक्के डोस झिरपतो. मॉनिटर युनिट जास्त असलेल्या प्लॅनमध्ये ही झिरप मोजण्याइतकी होते. जॉ ट्रॅकिंग असेल तर जॉ पात्यांमागे सरकत राहतात, पण चौकट चौकटच असते, तिरप्या आकारामागे ती तिरपी होत नाही.

आर्कबद्दल. ३० आणि ३३० किंवा तत्सम जोडीमागचं मुख्य कारण वेगळं आहे. कोलिमेटर ० ठेवून पूर्ण आर्क घेतला, तर प्रत्येक फट गॅन्ट्रीच्या प्रत्येक कोनातून रुग्णाच्या त्याच आडव्या प्रतलावर पडते. झिरप तिथे साठत जाते. शेजारच्या पात्यांच्या जीभ-खाचेच्या जोडामुळे पडणारी कमी डोसची पट्टीही तिथेच साठते. कोलिमेटर १०-१५ अंश जरी फिरवला तरी फटी वेगवेगळ्या प्रतलांत पसरतात. दोन आर्कना उलटसुलट कोन दिले की एकाच्या फटी दुसऱ्याच्या पात्यांखाली येतात. म्हणजे ३० हा आकडा गाठीच्या आकारातून आलेला नाही, तो सर्वसाधारण तडजोडीचा आकडा आहे.

आता तिरप्या गाठीचा आर्क. गाठीचा अक्ष पुढून मागे ३५ अंश कललेला आहे असं धरा. गॅन्ट्री ० वरून हा कल दिसतच नाही. ९० वरून पूर्ण ३५ अंश दिसतो. २७० वरूनही ३५ दिसतो, पण उलट दिशेने, कारण आपण आता दुसऱ्या बाजूने पाहतोय. मधल्या कोनांवर दिसणाऱ्या कलाचं टॅन = खऱ्या कलाचं टॅन × गॅन्ट्री कोनाचं साइन. ३० अंशांवर तो फक्त १९ अंश दिसतो. म्हणजे पूर्ण ३६० अंशांच्या आर्कला एकच कोलिमेटर कोन दिला, तर अर्ध्या आर्कमध्ये तो सर्वात चांगला आणि उरलेल्या अर्ध्यात सर्वात वाईट ठरतो. उपाय सोपा आहे: ० ते १८० हा एक अर्धा आर्क आणि १८० ते ३६० हा दुसरा, आणि दोघांना विरुद्ध चिन्हाचे कोन. दिसणाऱ्या कलाची सरासरी अर्ध्या आर्कवर साधारण २३ अंश येते, म्हणून ३५ ऐवजी २० ते २५ घ्यावेत. यात फटी पसरण्याचं कामही आपोआप होतं.

आणखी एक गोष्ट वेगाची. गॅन्ट्रीचा कमाल वेग सेकंदाला ६ अंश आणि पात्याचा २.५ सेंमी धरला, तर ११ सेंमी ओलांडायला पात्याला ४.४ सेकंद लागतात. तेवढ्यात गॅन्ट्री २६ अंश पुढे गेलेली असते. ४ सेंमीला १.६ सेकंद, म्हणजे जेमतेम १० अंश. पाती अरुंद दिशेने सरकत असतील तर तितक्याच आर्कमध्ये ऑप्टिमायझर आकार जास्त वेळा बदलू शकतो. नाहीतर गॅन्ट्री हळू करावी लागते आणि उपचाराचा वेळ वाढतो.

कोनमापक

कोलिमेटरवर चर्चा रंगली आहे, पण गॅन्ट्रीचे कोन आधी. स्थिर कोनांच्या आयएमआरटीमध्ये (बीमची तीव्रता जागोजागी बदलणारी पद्धत) १०-१० अंशांच्या ३६ जागांतून ७ निवडायच्या म्हटलं तरी ८३ लाख ४७ हजार ६८० जोडण्या होतात. ५-५ अंशांच्या ७२ जागा घेतल्या तर १४७ कोटींच्या वर. प्रत्येक जोडणीसाठी डोस ऑप्टिमाइझ करणं शक्य नसतं. शिवाय किमतीच्या (प्लॅन उद्दिष्टांपासून किती दूर आहे त्या आकड्याच्या) पृष्ठभागाला असंख्य खड्डे असतात, त्यामुळे उतारावरून खाली जाणारी पद्धत पहिल्याच खड्ड्यात अडकते. म्हणून सिम्युलेटेड अॅनीलिंग, जेनेटिक अल्गोरिदम (दोन्ही यादृच्छिक शोधाच्या पद्धती) किंवा एकेक बीम वाढवत जाणारी हावरी पद्धत वापरतात. शेवटची पद्धत व्यवहारात सर्वात सोयीची आहे: ज्या बीममुळे उद्दिष्टफलन (हीच किंमत) सर्वात जास्त उतरेल तो घ्या, पुन्हा ऑप्टिमाइझ करा, पुढचा शोधा.

बीमची संख्या वाढली की कोनांच्या निवडीचं महत्त्व घटतं. बोर्टफेल्ड आणि श्लेगेल यांनी १९९३ मध्ये हे सैद्धांतिक पातळीवर दाखवलं: बीम पुरेसे असतील तर समान अंतरावरचे कोन जवळजवळ सर्वोत्तमच असतात. म्हणजे ९ बीम असतील तर ४०-४० अंशांवर ठेवून पुढे जा. ३ ते ५ बीम असतील तर कोनांवर तास घालवणं सार्थकी लागतं.

समोरासमोरचे बीम टाळायचे, म्हणून ५, ७, ९ अशी विषम संख्या. समोरासमोरच्या दोन बीमच्या कडा त्याच रेषेवर पडतात, त्यामुळे नव्या दिशेने डोसचा उतार मिळत नाही.

कोन छान दिसतोय आणि तरीही वापरू नये, अशा जागा ध्यानात ठेवा. काउचच्या कार्बन फायबर फळीतून तिरपा जाणारा बीम सरळ जाणाऱ्यापेक्षा जास्त क्षीण होतो, कारण फळीतला मार्ग लांबतो. काउचची रचना प्लॅनमध्ये घातली नसेल तर काही टक्के डोस गणिताबाहेर राहतो. कमरेच्या धातूच्या सांध्यातून जाणारा बीम नको, तिथे सीटीचे घनतेचे आकडेच खोटे असतात. श्वासाबरोबर हलणारा हात, खांदा किंवा पोटाचा सैल भाग वाटेत असेल तर रोजची मांडणी बदलते. आणि काउच फिरवून मागून येणारा बीम दिसायला कितीही सुरेख असला, तरी गॅन्ट्री काउचला धडकणार नाही ना हे रिकाम्या यंत्रावर फिरवून पाहिल्याशिवाय प्लॅन मंजूर करू नका. काउच फिरवण्याचा खरा लाभ डोक्याच्या गाठींना होतो. धडाच्या गाठींना मोकळे कोन फारच थोडे उरतात.

वक्ररेषा

ब्रामे यांचं तत्त्व कुठे मोडायचं याचं सर्वात महत्त्वाचं उदाहरण मणक्याचं आहे. पीटीव्ही मज्जारज्जूला तीन बाजूंनी वेढून बसलेला असतो. कोलिमेटर ० असेल तर प्रत्येक पात्यांची जोडी आडवी सरकते: डावीकडे लक्ष्य, मध्ये मज्जारज्जू, उजवीकडे लक्ष्य. एक जोडी एका वेळी एकच फट उघडू शकते. मधलं बेट झाकून दोन्ही बाजू एकदम उघडणं तिला जमत नाही. मग ऑप्टिमायझर कधी डावी बाजू उघडतो, कधी उजवी, आणि मॉनिटर युनिट वाढतात.

कोलिमेटर ९० च्या आसपास नेला की पाती डोकं-पाय दिशेने सरकतात. काउच ० असताना मज्जारज्जू गॅन्ट्रीच्या कुठल्याही कोनातून डोकं-पाय दिशेनेच दिसतो, त्यामुळे ही जुळणी पूर्ण आर्कभर टिकते. मज्जारज्जूवरच्या जोड्या मिटलेल्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या जोड्या उघड्या, असं एकाच क्षणी जमतं. इथे लक्ष्याची अरुंद दिशा कुठली हा प्रश्न मागे पडतो. अवयव लक्ष्याला कुठे छेदतो, ते पुढे येतं.

मानेच्या मणक्यात मात्र बाजूने पाहताना मज्जारज्जूला बाक असतो. लांब लक्ष्य असेल तर सरळ पाती त्या बाकाला धरून जाऊ शकत नाहीत. आणि लांबीचीही मर्यादा आहे. काही यंत्रांत एकाच कॅरेजवरच्या (एका बाजूची सगळी पाती वाहणाऱ्या गाड्यावरच्या) सर्वात पुढच्या आणि सर्वात मागच्या पात्यात १५ सेंमीपेक्षा जास्त अंतर चालत नाही. कोलिमेटर ९० वर मोठं लक्ष्य घेतलं की ही मर्यादा आडवी येते आणि काही भाग उघडलाच जात नाही.

अर्धछाया

@वक्ररेषा, तत्त्वाशी सहमत, पण ९० ला एक किंमत आहे. कोलिमेटर ० वर मज्जारज्जूकडची कड पात्याच्या टोकाने घडते आणि टोक मिलिमीटरच्या अंशाने सरकवता येतं. ९० वर तीच कड पात्याच्या बाजूने घडते, म्हणजे ती ५ मिमीच्या टप्प्यांत उडी मारते. मज्जारज्जू आणि पीटीव्ही यांच्यात २-३ मिमीच अंतर असेल तर हे जाचक आहे. २.५ मिमीची पाती असतील तर त्रास निम्मा होतो. शिवाय नेमक्या ९० ला फटी मज्जारज्जूला समांतर राहतात आणि एखादी फट त्याच्यावरच येऊ शकते.

म्हणून दोन आर्क घ्यावेत: एक ८० ते ८५ किंवा ९५ ते १०० वर आणि दुसरा १० ते ३० मध्ये. पहिला बेट झाकतो, दुसरा कड घासून सारखी करतो. तीन आर्क परवडत असतील तर तिसरा ३३० ते ३५० मध्ये.

सदिश

बेटाचाच प्रश्न मेंदूतल्या अनेक गाठींना एकाच आयसोसेंटरने उपचार करताना येतो. १ सेंमी व्यासाच्या दोन गाठी, केंद्रांमध्ये ७ सेंमी अंतर. दोन्ही त्याच पात्यांच्या पट्टीत आल्या तर मधला ६ सेंमी निरोगी मेंदू उघडा पडतो, किंवा एकीला झाकून दुसरीला डोस द्यावा लागतो. दोघींना वेगळ्या जोड्यांत आणायला पात्यांच्या आडव्या दिशेने निदान १.५ सेंमी फरक हवा: गाठीचा १ सेंमी आणि एक पातं राखीव. ७ × साइन = १.५ धरलं की कोन १२ ते १३ अंश येतो. म्हणजे थोडं फिरवूनही सुटका होते. अडचण ही की गाठी ५ असल्या तर गाठींच्या जोड्या १० होतात, आणि प्रत्येक जोडीला टाळायचा कोन वेगळा. इथे डोळ्यांचा उपयोग नाही, वर सांगितलेली क्षेत्रफळाची पद्धतच चालवावी लागते, तीही प्रत्येक काउच कोनासाठी स्वतंत्रपणे. गॅन्ट्री ५-५ अंशांनी फिरवून झाकता न येणाऱ्या क्षेत्राची बेरीज घ्या, जी सर्वात कमी तो कोन.

आयसोसेंटरपासून ७ सेंमी दूरच्या गाठीला रुग्णाचं डोकं १ अंश वळलं तर १.२ मिमी सरक मिळते, हेही विसरू नका. कोलिमेटरच्या कोनाने ते भरून निघत नाही. सहा दिशांत दुरुस्ती करणारा काउच हवा, किंवा दूरच्या गाठीला जादा समास हवा.

मोजपट्टी

यंत्राची बाजू लिहितो, कारण प्लॅनमधला कोन यंत्रावर तसाच उमटतो का हे कुणीतरी विचारायलाच हवं. टीजी-१४२ (एएपीएम या अमेरिकी वैद्यकीय भौतिकशास्त्र संघटनेचा यंत्रतपासणीचा अहवाल) प्रमाणे कोलिमेटर आणि गॅन्ट्रीच्या कोनदर्शकाची सहनमर्यादा १ अंश आहे. १ अंशाची चूक आयसोसेंटरपासून १० सेंमीवर १.७५ मिमी सरक देते. ११ सेंमी लांब लक्ष्याच्या टोकाशी, म्हणजे ५.५ सेंमीवर, सुमारे १ मिमी. लांबट लक्ष्याला आणि दूरच्या गाठींना ही चूक जास्त भोवते, गोल लक्ष्याला जवळजवळ काहीच नाही. स्टिरिओटॅक्टिक करणाऱ्या यंत्रावर अर्ध्या अंशाच्या आत राहणं योग्य. आणि याच कारणाने कोन ३४.७ असा भरण्यात अर्थ नाही, पूर्ण अंकात भरा.

कोलिमेटर फिरण्याचा अक्ष आयसोसेंटरमधून जातो का, हे विन्स्टन-लुट्झ चाचणीत (आयसोसेंटरवर छोटी गोळी ठेवून तिच्या प्रतिमा घेतात) फक्त कोलिमेटर ० वर तपासून कळत नाही. ०, ४५, ९०, २७० अशा कोनांवर प्रतिमा घ्या. प्लॅनमध्ये तिरपे कोन वापरायचे असतील तर चाचणीतही ते असलेच पाहिजेत.

पिकेट फेन्स चाचणी (पात्यांनी कुंपणासारख्या अरुंद पट्ट्या उमटवून त्यांची जागा तपासणारी) गॅन्ट्री ०, ९०, १८०, २७० वर करा. गॅन्ट्री ९० किंवा २७० आणि कोलिमेटर ० असताना पाती उभी सरकतात, म्हणजे वर जाणाऱ्या पात्याची मोटर गुरुत्वाविरुद्ध ओढते. कोलिमेटर ९० केला की पाती आडवी सरकतात, पण एकमेकींवर भार टाकतात आणि घर्षण वाढतं. जुनी मोटर याच दोन स्थितींत आधी उघडी पडते. गॅन्ट्री ० वरची स्वच्छ प्रतिमा पाहून निर्धास्त होऊ नका.

प्लॅनच्या पडताळणीत टीजी-२१८ (एएपीएमचाच प्लॅन पडताळणीचा अहवाल) प्रमाणे डोसमध्ये ३ टक्के, अंतरात २ मिमी, १० टक्के डोसचा उंबरठा आणि ९५ टक्के बिंदू पास ही सहनमर्यादा धरा, ९० च्या खाली गेलं तर प्लॅन थांबवून कारण शोधायचं. मोजमाप खऱ्या कोलिमेटर कोनांवरच घ्या. सगळे कोन शून्यावर आणून केलेली पडताळणी जीभ-खाचेचा परिणाम आणि गुरुत्वाचा परिणाम दोन्ही लपवते.

ओळखरेषा

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. शेवटचं विचारते. दोन कोन घेऊन दोन प्लॅन केले, एक दुसऱ्यापेक्षा बरा दिसला. तो फरक कोनामुळेच आहे हे कसं ओळखायचं? ऑप्टिमायझर दर वेळी थोडं वेगळं उत्तर देतो.

कोनमापक

बरोबर जागी बोट ठेवलंत. तुलना करताना उद्दिष्टं आणि त्यांचे भार दोन्ही प्लॅनमध्ये तंतोतंत तेच ठेवा, मध्येच हात लावू नका. हाताने भार हलवले की आपण कोन मोजत नसतो, आपली चिकाटी मोजत असतो. दोन्ही प्लॅन एकाच निकषावर नॉर्मलाइझ करा, उदाहरणार्थ पीटीव्हीच्या ९५ टक्के आकारमानाला १०० टक्के डोस. मग त्याच कोनावर तोच प्लॅन शून्यापासून ३ वेळा चालवा. या ३ उत्तरांत जेवढा फरक दिसेल, तो ऑप्टिमायझरचा स्वतःचा थरथराट. दोन कोनांमधला फरक त्याहून स्पष्टपणे मोठा असेल तरच तो कोनाचा माना.

पाहायच्या गोष्टी: पॅडिक यांचा कन्फॉर्मिटी निर्देशांक, म्हणजे लक्ष्यातल्या लिहिलेल्या डोसने व्यापलेल्या भागाचा वर्ग भागिले लक्ष्याचं आकारमान आणि त्या डोसचं एकूण आकारमान यांचा गुणाकार. १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं. ग्रेडियंट निर्देशांक, म्हणजे निम्म्या डोसचं आकारमान भागिले पूर्ण डोसचं. अवयवाचा जवळपास कमाल डोस, डी२ (सर्वात जास्त डोस मिळालेल्या २ टक्के आकारमानाचा किमान डोस). आणि एकूण मॉनिटर युनिट. डोसचे आकडे सारखेच आणि मॉनिटर युनिट १५ टक्क्यांनी कमी, असा निकाल आला तरी तो कोन घ्या. कमी युनिट म्हणजे कमी झिरप, बहुधा मोठ्या फटी, आणि मोठ्या फटींचा डोस यंत्र जास्त भरवशाने देतं.

मोजपट्टी

@कोनमापक, एवढंच जोडतो: युनिट कमी होऊन फटी मोठ्या झाल्या का, हे कंट्रोल पॉइंट (प्लॅनमधल्या टप्प्याटप्प्याच्या पात्यांच्या जागांची नोंद) उघडून बघावं, अंदाजावर सोडू नये. सरासरी फट १ सेंमीच्या खाली असेल तर पात्याची १ मिमीची चूक त्या फटीच्या १० टक्क्यांहून जास्त ठरते. दोन कोनांपैकी ज्याची सरासरी फट मोठी, तो प्लॅन पडताळणीच्या फॅन्टमवर (रुग्णाऐवजी मोजमापासाठी ठेवलेल्या वस्तूवर) आधी चढवा.